प्रभाकर मास्तरला ऐकवायची राहिलेली चाल

सन २०२४, उन्हाळा. बुद्ध पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. गिटार घेऊन मी गुलमंडीत प्रभाकर मास्तरच्या घरी गेलो आणि कळलं की त्याचे कान पूर्ण गेले. मशीन लावूनही उपयोग नाही, असं डॉक्टरनी सांगितलं होतं.

बायको गेल्यानंतर मी एक चाल बसवली होती. ती त्याला ऐकवायची होती. दुसऱ्या कोणाला ऐकवून उपयोग नव्हता. गिटार पिशवीतून न काढता परत आलो.

माझं शिक्षण चौथी. चाळीस वर्षं गिटार वाजवली. उस्मानपुऱ्यातला आमचा ऑर्केस्ट्रा सहा जणांचा. चौघं वारले. राहिलो मी आणि प्रभाकर. ऐकणारे कमी झाले की किस्से वाढत जातात, हे मला आता कळलं. पूर्वी किस्सा घडला की संध्याकाळी सांगून मोकळं व्हायचं. आता ते साचून राहिलेत. थोडे लिहितो. प्रभाकरचं एक देणंही माझ्यावर होतं, पैशाचं नव्हे. तेही लिहितो.

* * *

आमची तालीम पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत चालायची. खोली फुकट होती. गिरणीची घरघर दिवसभर एका सुरात. मी गिटार त्या घरघरीवर जुळवायचो, बाकीचे माझ्यावरून. कोणाची तक्रार नव्हती.

मग प्रभाकर आला. गिटारचीच परीक्षा दिलेला, पाच रेघांवरचे ठिपके वाचून वाजवणारा, म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. खिशात सूर जुळवायचा लोखंडी चिमटा. तो त्यानं गुडघ्यावर आपटला, कानाला लावला आणि म्हणाला, "तुम्ही सगळेच्या सगळे उतरलेले आहात."

"काल तर बराबर होतो की!" काशिनाथ म्हणाला. तो आमचा गायक.

प्रभाकर उठून गिरणीत जाऊन आला. "काल गहू दळत होते. आज ज्वारी आहे. गिरणीवर लोड आलाय!"

तेव्हापासून तालमीला पहिला प्रश्न एकच, "आज गहू का ज्वारी?"

मी मात्र चिमट्याला हात लावला नाही. सगळेच सारखे उतरलेले असले, तर जयंतीच्या मंडपात कळतंय कोणाला?

"कळणाऱ्याला कळतं," प्रभाकर म्हणायचा.

"असे कितीक येतात?"

"एक आला तरी लई झाला."

* * *

कॉर्डची नावं मला येत नव्हती. हाताच्या आकारावरून मीच ठेवली. बोटं पायऱ्यांसारखी उतरतात, तो जिना. बोटं फाकतात, तो खेकडा. एक बोट सगळ्या तारांवर आडवं झोपतं, ती खाट. काशिनाथलाही हीच नावं पाठ.

एकदा पैठणला भर कार्यक्रमात त्याचा आवाज चढेना. माइकमध्येच ओरडला, "सुखदेव, खाट नको! खेकडा दे, खेकडा!"

पुढं बसलेली म्हातारी शेजारणीला म्हणाली, "ह्यांना जेवायला घातलं नाय का गं कुणी?"

* * *

एकदा मुंबईचा फार मोठा गिटारवाला आपल्या गावात आला होता. नाव लिहीत नाही. सिनेमाच्या कितीतरी गाण्यांत त्याचा हात आहे. आमच्यानंतर त्याचा कार्यक्रम होता. पडद्यामागं उभा राहून त्यानं आमचं ऐकलं. मी खाली उतरलो तसा मला धरलं.

"वो बीच में क्या बजाया आपने?"

मी म्हणालो, "खाट. लेकिन करंगळी नीचे लटकती है."

तो हसला नाही. माझ्याकडून ते तीनदा वाजवून घेतलं आणि वहीत ठिपक्यांनी उतरवलं. मी आठ दिवस छाती काढून फिरलो. "बघा! न शिकलेल्याचं शिकलेला लिहून घेतो!"

प्रभाकर म्हणाला, "व्हय. तुझं तो घेऊन गेला. त्याचं तू काय आणलंस?"

* * *

पण शिकून नुकसान होतं, हेही मी डोळ्यानं पाहिलं आहे. प्रभाकरला चाली सुचायच्या. माझ्यापेक्षा चांगल्या. दोन ओळी वाजवायचा, कागदावर मांडायचा आणि थांबायचा.

"ही कॉर्ड इथं बसत नाही."

"कानाला तर लई गोड लागतंय."

"नियमात नाही."

कागद टराटरा फाडायचा. मोठ्या गिटारवाल्यांचे नियम त्याला पाठ होते. नियम कधी मोडायचा, ते कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

एकदा ते तुकडे मी खिशात भरून घरी आणले. बायकोनं विचारलं, "तुम्हाला वाचता येतं का ह्यातलं?"

"नाय."

"मग त्यांनी फाडलं काय अन् तुम्ही जपलं काय, सारखंच."

* * *

आता देण्याचं लिहितो. एका सरकारी कलापथकात गिटारवाल्याची जागा निघाली. एकच जागा. आम्ही दोघांनी अर्ज केले. तिथं गेल्यावर कळलं की सगळ्यांना एकच कागद देतात, तो वाचून वाजवायचा. मी उठलो. "मी चाललो घरी."

"गप बस," प्रभाकर म्हणाला.

त्याचा नंबर माझ्या आधी होता. आत जाताना शिपायाला म्हणाला, "दार उघडं असू द्या, लई गरम होतंय." डिसेंबर होता. थंडीनं माझी बोटं आखडली होती.

त्यानं तो कागद इतका सावकाश वाजवला की झोपलेल्यालाही पाठ व्हावा. मग म्हणाला, "साहेब, चुकलं. पुन्हा वाजवतो." काही चुकलं नव्हतं. पुन्हा वाजवला, तितकाच सावकाश.

माझा नंबर आला. कागद समोर ठेवला आणि ऐकलेलं सगळं न अडखळता वाजवून टाकलं.

साहेब म्हणाले, "कागद उलटा ठेवलाय तुम्ही."

मी म्हणालो, "वाजलं ते सरळ होतं ना?"

साहेब पोट धरून हसले. जागा मला मिळाली. आज पेन्शन आहे ती त्याचीच. प्रभाकर कापडाच्या दुकानात मीटर मोजत म्हातारा झाला.

मी आयुष्यभर सांगत आलो, न शिकता पास झालो! तो समोर बसून चहा पीत ऐकायचा. खरं काय ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. मीही नाही.

* * *

मंडपात पेन ड्राइव्ह आला आणि ऑर्केस्ट्रा बसला. आता मी पुंडलिकनगरात मुलाकडं राहतो. मुलगा, सून सकाळी नऊला जातात, दिवेलागणीला येतात. तेवढा वेळ मी आणि भिंत. भिंतीनं चाल पुष्कळदा ऐकली.

नातीनं मोबाइलमध्ये सूर जुळवायचं अ‍ॅप टाकून दिलं. मी तार छेडली. लाल दिवा लागला.

"आजोबा, तुमची गिटार उतरलीये."

"आज ज्वारी असेल," मी म्हणालो.

तिनं मोबाइलकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि आत निघून गेली. ह्याच्यावर हसणारे चौघं नाहीत, पाचवा बहिरा.

* * *

पावसाळ्यात उस्मानपुऱ्यातल्या एका म्युझिक क्लासला गेलो. शिकवणारी स्नेहल मॅडम, पंचविशीची असेल. फॉर्म पुढं सरकवून म्हणाली, "नातवाचं वय काय, आजोबा?"

"नातू नाय, मीच आहे. त्र्याहत्तर."

"अरे वा! गिटार शिकायचीय?"

"गिटार येते. लिहायला शिकवा. ठिपके."

"लिहून कोणाला देणार?"

"बहिऱ्या माणसाला."

तिला ती थट्टा वाटली. हसली. मी हसलो नाही, तेव्हा थांबली.

सहा महिने लागले. चौथीनंतर पेन्सिल हातात धरली नव्हती. जिन्याला सी म्हणतात, हे त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं. शिकलं की हातातलं जातं, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. भीती होतीच. पण चाल गेली नाही. उलट कागदावर मांडताना दिसलं की एका जागी मी दर वेळी थांबतो. हाताला ते माहीत होतं, मला नव्हतं. शेवटच्या दिवसांत बायको जिना चढताना दम खायला थांबायची. तेवढंच थांबणं होतं ते.

मॅडम म्हणाली, "इथं नियमानं आधीच वळायला हवं."

मी म्हणालो, "आहे तसंच लिहू द्या."

* * *

जानेवारीत गुलमंडीला गेलो. प्रभाकरच्या मुलीनं, ज्योतीनं दार उघडलं. तो पलंगावर बसला होता. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून हल्ली ओरडूनच बोलतो.

"सुखदेव! आज मोकळ्या हातानं?"

मी कागद दिला. त्यानं चष्मा लावला.

"कोणी लिहिलं हे?"

मी माझ्या छातीवर बोट ठेवलं.

"थापा मारतो काय, चौथी पास!"

मी खिशातून पेन्सिल काढली आणि पहिली ओळ त्याच्यासमोर पुन्हा लिहून दाखवली. तो माझ्या हाताकडं बघत राहिला. मग वाचायला लागला. उजव्या हाताचं बोट चादरीवर ठेका धरत होतं. एका जागी ते थांबलं. बरोबर तेवढंच. मग पुढं निघालं.

वाचून झाल्यावर त्यानं कपाटावरची गिटार काढायला लावली. ज्योती म्हणाली, "काका, वर्षभर हात लावला नाही हो त्यांनी."

तारा सगळ्या उतरून गेल्या होत्या. त्याला ते कळायला मार्ग नव्हता. कागद मांडीशी ठेवून त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत चाल वाजवली. एक ठिपका चुकला नाही. एक सूर लागला नाही.

"बराबर आहे का रे?" त्यानं ओरडून विचारलं.

मी मान डोलावली.

देणं फिटलं.