लाइट आल्याचा भोंगा

गंगाखेडच्या बसस्टँडसमोर रेडिओ दुरुस्त करणारे मामा गिऱ्हाइकाला आणि बिघडलेल्या रेडिओला एकाच मायेनं विचारायचे, “बोला, काय दुखायलंय?” घरी हौसेनं यंत्रं जुळवणाऱ्यांसाठी त्यांनी दुकानातली एक फळी मोकळी ठेवली होती. गावोगावचे लोक आपली यंत्रं तिथं विकायला ठेवत आणि मामा प्रत्येकावर करणाऱ्याच्या नावागावाची चिठ्ठी चिकटवत.

एकदा मी सेल आणायला गेलो, तेव्हा पोखर्णीच्या एक ताई पिशवी घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी केलेला भोंगा फळीवर होता. शेतावर लाइट आली की तो वाजायचा. एका बागायतदारानं तो हौसेनं वाजवून पाहिला, मग चिठ्ठी वाचून हसला.

“बाईनं केलाय? टिकंल का ह्यो?”

फळीवरच्या यंत्रांना दिवसभरात तेवढंच गिऱ्हाईक आलं होतं. तरी मामांनी भोंगा त्याच्या हातातून हळूच काढून घेतला.

“ऱ्हाऊ द्या मालक. तुमच्याकडं लाइट आली तरी तुमाला कळायची न्हाई.”

तो तणतणत निघून गेला. ताईंनी पदराआड हसू दाबलं, पिशवीतून दुसरा भोंगा काढला आणि स्वतःच्या हातानं फळीवर ठेवला.