मागच्या सीटचा आवाज

शेवटच्या खेपेला गजादादाला इस्पितळात नेताना टॅक्सीवाला बिचारा खड्डे चुकवत, सांभाळून चालवत होता. माझ्या खांद्यावर मान टाकून बसलेला दादा कसाबसा म्हणाला, "हळू नको रे घेऊस... जोरात घे." त्याला जाऊन आता महिना झाला. माझा हा थोरला भाऊ टॅक्सी चालवून म्हातारा झाला. त्याचं ते वाक्य कुठून आलं, हे ठाऊक असणारी आता मी एकटीच उरले आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. दादाच्या टॅक्सीची मागची सीट तेव्हा भारी करकरायची. उतारू वैतागायचे, आई टोकायची. "करतंय गो, सवडीन," म्हणून तो हसायचा. गोळीबार झाला त्या दुपारी गिरगावात दोघांनी त्याची गाडी अडवली. एकाच्या मांडीत गोळी होती. गिरणीतलाच कुणी तरणा माणूस. दादानं त्याला मागे निजवलं नि परळच्या इस्पितळाकडे गाडी काढली. रस्ताभर दगड पडलेले. चाक उसळलं की सीट करकरायची आणि तो माणूस कळवळायचा, "भाऊ, हळू... हळू." दादानं गाडी हळू घेतली. इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत तो गेला होता. रक्त फार गेलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. दादाला कुणी बोल लावला नाही.

दुसऱ्या दिवशी धंदा बंदच होता. दादानं सीट काढून चाळीच्या चौकात आणली नि मला दाभण आणायला सांगितलं. रेक्झिन उसवलं, तर आतला काथ्या रक्तानं थिजलेला. तो आम्ही उपसून टाकला. खाली एक स्प्रिंग तुटून वर आली होती. आवाज तिचाच, आणि निजलेल्या माणसाला टोचतही तीच असणार. दादानं ती वाकवून सुतळीनं करकचून आवळली, वर गोणपाट घातलं. मी नवा काथ्या भरून रेक्झिन शिवलं. तो सीटवर बसला, उठला, पुन्हा बसला. सीटचं हूं नाही की चूं नाही.

"झालं की रे," मी म्हटलं.

त्यानं तोंड ओंजळीत लपवलं. "आधी केलं असतं, तर त्याला मी जोरात नेला असता गं..."

मी सांडलेला काथ्या गोळा करू लागले.

पुढे राज्य झालं, चाळीत पेढे वाटले. दादानं आपला पेढा देवापुढे ठेवला, खाल्ला नाही. त्यानंतर मात्र कुणाच्या घरी दुखणं निघालं, कुणी बाई अडली, की लोक आमचंच दार वाजवायचे आणि दादा ताटावरून उठायचा. नजर गेली, गाडी सुटली, तरी जिने उतरून नाक्यावरून टॅक्सी आणायचा. लोकांना त्याची सवयच झाली होती. मी चिडायचे, तो थकायचा. पण नाही म्हणायचा नाही.

परवा सकाळी शेजारच्या सावंतीणबाई धावत आल्या. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. "गजादादा!" त्यांनी हाक मारली, आणि तोंडावर हात ठेवून तशाच उंबऱ्यात थांबल्या. मीही क्षणभर आत वळून पाहिलं... मग चपला घातल्या, कठडा धरला आणि टॅक्सी आणायला उतरले.