ओढ्यापासून देवळापर्यंत

देवीनं मला पावावं असं मी काही केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या आश्विनात मी तिच्या दर्शनाला निघालो, तो भक्तीपेक्षा अपराधीपणानंच जास्त. माझ्या बायकोचा एक नवस माझ्यामुळं राहून गेला होता, आणि ती त्याआधीच्या पौषात गेली. तिच्यामागं तो मी फेडला तर तिला पोचेल का, हेही मला ठाऊक नव्हतं. कुणाला विचारायची लाज वाटत होती.

नवस माझ्याचसाठी होता. काही वर्षांपूर्वी माझ्या हृदयानं संप केला, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून तिनं जाफराबादकडच्या माळावरच्या देवीला सांगितलं होतं, यांना चालतं-फिरतं कर, मी ओढ्यापासून पायी येईन. देवीनं जरा जास्तच ऐकलं. डॉक्टरांनी रोज चाला म्हटलं आणि मी असा सुटलो की जालन्यातली दहा-बारा माणसं गोळा करून दर रविवारी रानावनात दिवसभराच्या पायी फेऱ्या काढू लागलो. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, मनगटावर घड्याळ. प्रत्येक वाटेला मी वर्ग दिला होता: सोपी, मध्यम, दमवणारी. माणसांनाही तेच वर्ग. हिची फुप्फुसं तोवर आखडत चालली होती, दहा पावलांत धाप लागायची. हिच्यासाठी मी चौथा वर्ग काढला: गाडीत.

देवीच्या माळाची फेरी ठरली तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "अहो, ओढ्यापासून देऊळ असं कितीसं आहे? मी हळूहळू येते ना."

"ती वाट दमवणारी आहे," मी म्हणालो. "तुझ्या चालीनं दिवाळी तिथंच करावी लागेल."

सगळे हसले. तीही हसली. मग ओढ्याशी उभ्या केलेल्या जीपमध्ये, जेवणाच्या डब्यांशेजारी तिला बसवून मी शिट्टी फुंकली. आम्ही भराभर दर्शन उरकलं, माळाच्या माथ्यावरून मोठा वळसा घातला आणि चार तासांनी दुसऱ्या बाजूनं ओढ्यावर उतरलो. बघतो तर हिच्या चपला काळ्या चिखलानं माखलेल्या. गाडीतून उतरलीसच कशाला म्हणून मी ओरडलो. "जरा पाय मोकळे केले," ती म्हणाली. घरी आल्यावर मीच बादली घेऊन त्या चपला धुतल्या, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. नवसाचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. रुसली असेल, असं मी समजलो. तीन महिन्यांत ती गेली.

म्हणून त्या फेरीनंतर वर्षानं मी एकटाच निघालो. पिशवीत नारळ आणि हिरवा खण. ओढा ओलांडताना शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि गुडघा असा पिरगळला की उठवेना. फोनला रेंज नाही. दमवणाऱ्या वर्गाचा हा पुढारी चिखलात बसून शिट्टी फुंकू लागला.

कपाशीतून एक म्हातारी आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"काय झालं वो दादा? कवाची पीं पीं ऐकून राह्यले मी. म्हणलं कुणाचं लेकरू चुकलं."

तिनं माझ्या पंच्यानं गुडघा करकचून बांधला, काठी मला दिली. एसटीतून उतरलो होतो त्या फाट्याकडं परत फिरू म्हणालो, तर म्हणाली, "देवी जवळ हाय, फाटा लांब हाय. मी रोज पाणी घालायला जाते तिला. चला माझ्यासंगं." मग तिनं मला नेलं. नेलं म्हणजे, बसवत बसवत नेलं. बाभळीखाली बसवलं, सपाट खडकावर बसवलं. सवयीनं माझी नजर मनगटाकडं गेली.

"घड्याळ कशाला बघता? देवी कुठं जात न्हाई."

तिसऱ्या विसाव्याला, एका बोरीखाली, ती आपणहून बोलू लागली. "मागल्या साली बी एका बाईला अशीच घेऊन आल्ते. जीपीतून उतरून एकलीच निघाल्ती. लई धाप लागायची तिला. म्हणली, मालक शिट्टी वाजवत पुढं गेलेत, ते माघारी यायच्या आत मला जाऊन येऊ द्या." बोलता बोलता तिची नजर माझ्या गळ्यावर थांबली. "तुम्हीच का वो ते?"

मी मान हलवली. "पोचली का ती?"

"पोचली की! दोन घंटे लागले. हितंच बसल्ती, तुम्ही बसले तिथं. देवीपुढं बिलकुल लेकरावानी रडली, मंग हसली. मला म्हणली, मावशी, कुणाला सांगू नका. घरी कळलं तर मला गाडीत बी बसू देणार न्हाईत." मग तिनं विचारलं, "कशा हायेत ताई आता?"

"गेली," मी म्हणालो.

तिनं माझ्या बांधलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "चला. थोडंच राह्यलं."

देवळात मी खण आणि नारळ ठेवला, पण फेडायला माझ्याकडं काही उरलंच नव्हतं. ते आधीच फिटलेलं होतं, माझ्यावाचून. काय मागावं तेही सुचेना. नुसतं डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. मावशीनं देवीला पाणी घातलं, उरलेलं मला प्यायला दिलं.

ती मावशी कोण, यात काही गूढ नाही. ओढ्याकाठी तिचं रान आहे. त्या दिवशी, आणि वर्षापूर्वी त्या दिवशीही, नेमकी तीच वाटेवर कशी होती, याचा खल मी करत नाही. माझ्याकडं नसलेला वेळ देवीनं हिच्यासाठी एका म्हातारीच्या हाती देऊन ठेवला होता, एवढं मला पुरतं. मी समजत होतो, तिला चालवणारा न चालवणारा मीच.

रविवारी आता मी सगळ्यांच्या मागं असतो. शिट्टी दुसऱ्याला दिली. सगळ्यात हळू जो चालतो त्याच्याबरोबर चालतो, आणि तो बसला की बसतो.

देवळातून त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझ्या बुटांना तोच काळा चिखल होता. बादली भरली आणि तशीच ठेवून दिली. तिचा नवस फिटल्याची एवढीच खूण घरात आली होती, आणि ती मी माझ्या हातानं मोरीत वाहून दिली होती. त्या वेळी मी बडबडत तिच्या चपला घासत होतो, ती दाराला टेकून उभी होती. हसत होती. तेव्हा मला वाटलं होतं, मला हसतेय.