हवेतली रोवणी

आमच्या गावात माझी एकच गोष्ट गाजलेली आहे आणि ती गाजवली माझ्या मैत्रिणीनं. आम्ही दोघी सिहोऱ्याजवळच्या एका खेड्यात, एकाच गल्लीत वाढलो आणि लग्न होऊन गेलोही एकाच गावात. आठ-नऊ वर्षांची असताना मी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरच्या जांभळीवर चढले, वरून खाली पाहिलं आणि फांदीला जी चिकटले ती उतरेचना. शेवटी हिच्या बापानं शिडी आणून मला खाली घेतलं. झालं ते एवढंच. पण दर वर्षी धानाच्या रोवणीला बांधीत, पाणी भरलेल्या वावरात, पंधरा-वीस बाया वाकल्या की हिला ते हमखास आठवतं. हिच्या तोंडी ते झाड दर वर्षी दोन हात वाढतं आणि माझं रडणंही वाढतं. मी तशी नाकावर माशी बसू न देणारी बाई. पण पिंडरीभर चिखलात, हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी धरून कुणाशी धड भांडताही येत नाही.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही दोघी हिच्या मुलीकडे हैदराबादला गेलो. पोरगी तिथं नोकरीला आहे. म्हाताऱ्या झाला नाहीत तोवर काहीतरी मजा करा म्हणाली आणि न विचारता आमची नावं उडायच्या ठिकाणी लिहून मोकळी झाली. एक मोठा उभा काचेचा नळा असतो, तळाशी जाळी, जाळीखाली प्रचंड पंखे. खालून वारा येतो आणि माणूस त्यावर पालथं पडून तरंगतो. मी नाही म्हणायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "तू राहू दे. तिथं शिडी नाही रायत."

माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथं ठरवलं, की आता उडायचं, कुणी न धरता उडायचं, आणि तो व्हिडिओ रोवणीत सगळ्या बायांना दाखवून ती जांभळी एकदाची तोडून टाकायची.

दुसऱ्या दिवशी पोरगी आम्हाला तिथं सोडून ड्युटीवर गेली. लुगड्यातल्या आम्ही दोघी तिच्या ट्रॅकपँटी घालून आलो होतो, त्यावर तिथला तो अंगभर झगा, डोक्यावर टोप, डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे. एकमेकींकडे बघून आमचं हसू थांबेना. शिकवणाऱ्या उंच गड्यानं हिंदीतून समजावलं, की पोट पुढे काढा, हनुवटी वर ठेवा, हात पसरा, खाली अजिबात बघू नका. प्रत्येकीला दोन खेपा मिळणार होत्या.

आधी मैत्रीण गेली. बोडीत उडी मारावी तशी बेधडक गेली आणि वाऱ्यावर पडल्याबरोबर कंबरेत वाकली. मान खाली, नजर जाळीवर, उजवा हात असा पुढे, की आता पऱ्हा टोचतेच. वाकली की वारा तिला टाकून देई आणि ती जाळीवर बसे. गड्यानं तिला पूर्ण वेळ झगा धरून उचलून ठेवलं. मी काचेबाहेर पोट धरून हसले. मग माझी पाळी आली आणि मीही तशीच वाकले. पाच-दहा दिवस नव्हे, जन्मभर वाकलेल्या कंबरा त्या. जित्याची खोड अशी एका मिनिटात जाते होय?

दुसऱ्या खेपेआधी बाकावर बसले असताना मला एकदम उमगलं. बांधी रोवत धुऱ्यापर्यंत, म्हणजे कडेच्या बांधापर्यंत, पोचलो, की आम्ही सगळ्या उभ्या होऊन दोन्ही हात कंबरेवर ठेवतो, पोट पुढे काढतो आणि आभाळाकडे बघतो. त्याला कंबर सोडवणं म्हणतात. तो गडी तेच तर मागत होता, फक्त पालथं पडून. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला सांगायला हवं होतं. पण मला ती शिडी आठवली आणि मी गप्प राहिले.

ती दुसऱ्यांदाही वाकली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिनं माझा मोबाईल घेतला आणि व्हिडिओ काढायला काचेशी उभी राहिली.

मी वाऱ्यावर पडले, मनातल्या मनात धुऱ्यावर पोचले आणि कंबर सोडवली. अंग हलकं झालं. गड्यानं एक हात सोडला, मग दुसरा, आणि मागे सरकून मला दोन्ही अंगठे दाखवले. मला कुणीही धरलं नव्हतं! आनंद म्हणजे असा आनंद, की लग्नात झाला नव्हता.

बाहेर येऊन मोबाईल हिसकावला. व्हिडिओत मी नव्हतेच. हिनं कॅमेरा उलटा ठेवला होता, आणि अख्खा वेळ त्यात हिचंच तोंड होतं, डोळे वाहणारं, काहीतरी ओरडणारं. परतीच्या गाडीत तुमसर येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

रोवणी लागली. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, हैदराबादेत काय केलं? मी मान वर केली नाही. आता जांभळी निघणार, मला माहीत होतं.

मैत्रिणीनं हातातली जुडी खाली टाकली, धुऱ्यावर चढली आणि सगळ्यांसमोर तिथल्याच चिखलात पालथी पडली. हात पसरले, मान वर केली.

"अशी उडून राहिली होती ही," ती म्हणाली. "कोणीच धरलं नव्हतं. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. मले तं दोन्ही खेपा त्यानं धरून ठेवलं."

बाया हसत सुटल्या. मला मात्र लाज वाटली. मी धुऱ्यावर गेले, तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "कंबर सोडवतो ना आपण, तसंच करायचं होतं. मले आधीच समजलं होतं. तुले सांगितलं नाही."

तिनं चिखलानं भरलेली हनुवटी माझ्याकडे वळवली.

"मंग आता सांग," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी पालथी पडले आणि दाखवायला लागले.