चार बोटांचा फरक

सोमवारी सकाळी बापूसाहेबांच्या दिवाणखान्यात पोहोचलो, तेव्हा उजव्या दाराचा पडदा उंबऱ्याच्या चार बोटं वर थांबला होता. डाव्या दाराचा उंबऱ्याला टेकला होता. दोन्ही दारं एकाच उंचीची. आदल्या संध्याकाळी मी स्वतः पडदे टांगले, तेव्हा दोन्ही सारखे होते.

बापूसाहेब रत्नागिरीच्या कोर्टात वकील होते. गोष्ट तीसच्या सालानंतरची. माझं शिंप्याचं दुकान बाजारात होतं आणि निम्मं काम वकिलांच्या काळ्या कोटांचं. पडद्यांची ऑर्डर मात्र नेहमीची नव्हती. त्यांच्या दिवंगत पत्नीनं मुलीच्या रुखवतासाठी क्रोशाची मोठी चादर विणली होती. ती ट्रंकेत राहिली आणि मधल्या घडीवर गंजाचे डाग पडले. शुक्रवारी मुलीचा साखरपुडा होता. डागाची चादर मांडता येत नाही. पण चांगल्या भागाचे पडदे केले तर आईची कला पाहुण्यांना दिसेल, असा त्यांचा विचार.

क्रोशा म्हणजे आकड्याच्या एकाच सुईनं दोऱ्याचे फास एकमेकांत गुंफत जाणं. या कामाला कात्री लावता येत नाही. एक फास कापला की शेजारचे सुटत जातात. ही चादर वीतभर चौकोनांची होती, एकशे वीस चौकोन एकमेकांना शिवलेले. मी सांधे उसवले, गंजलेले आठ काढले. उरलेल्या एकशे बारांचे दोन पडदे केले, छप्पन्न-छप्पन्न. वरच्या अर्ध्या भागाचा उजवा, खालच्याचा डावा. पेजेची खळ दिली, पाटावर पसरून वाळवले, टेप लावून मापले. माप बरोबर होतं.

"एक ओळ खाल्लीत की काय, मास्तर?" बापूसाहेबांनी विचारलं.

मी ओळी मोजून दाखवल्या. दोन्हीकडे आठ.

त्यांनी खिशातून भिंग काढलं. जुन्या दस्तांवरच्या सह्या ताडून पाहायला ते वापरत. आधी उजवा पडदा पाहिला, मग डावा, मग पुन्हा उजवा.

"हे चौकोन एका हातचे नाहीत."

ते खरं होतं. विणताना दोरा किती ओढायचा याची प्रत्येकाची सवय असते. तिला आम्ही हात म्हणतो. उजवीकडचा हात घट्ट होता, डावीकडचा सैल. सैल विणकाम पाटावर कळत नाही. टांगलं की स्वतःच्या वजनानं उतरतं, आणि समुद्राच्या दमट हवेत जास्तच.

"नाहीत," मी म्हणालो. "पण चौकोन तुमच्याच चादरीचे आहेत."

"चादर एकटीनं विणलेली आहे." ते आतल्या दाराकडे वळले. तिथे त्यांची थोरली बहीण अक्का सूप घेऊन तांदूळ निवडत होती. अक्का लहानपणीच विधवा झालेली, भावाकडेच राहिलेली. "अक्का, तुझ्या वहिनीशिवाय चादरीला कुणाचा हात लागला होता?"

"नाही," अक्का म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

"झाली साक्ष. म्हणजे अर्धे चौकोन तुमच्या दुकानात बदलले. मूळचे गुरुवारपर्यंत आणून लावा. नाहीतर बाररूममध्ये कुणी मला शिंपी विचारला, तर काय सांगायचं ते मी सांगेन."

ते कोर्टात गेले. मी स्टुलावर चढून पडदे उतरवू लागलो. सुपाचा आवाज थांबला.

"मास्तर, सैल हात माझा."

मी हातातलं काम थांबवलं.

"वहिनी अर्ध्यावर गेली. पुरी कोण करणार? तिचीच सुई घेऊन दुपारची विणत बसायची मी. तिच्यासारखा दोरा मला ओढता येईना. ती सगळंच घट्ट धरायची हो, फडताळाची किल्लीसुद्धा."

"मग मघाशी ‘नाही’ असं का म्हणालात?"

"रुखवताच्या वस्तूला माझा हात लागलाय कळलं तर पाहुणे काय म्हणतील? बापूच आधी पडदे काढायला लावील. पण तुमचं नाव फुकट जायला नको. तुम्ही म्हणाल तर संध्याकाळी सांगते त्याला."

ती बोलली असती तर मी सुटलो असतो; पडदे मात्र दारावर गेले नसते. आणि चार बोटांचा फरक तसाच राहिला असता.

"गुरुवारपर्यंत काही बोलू नका," मी म्हणालो.

दुकानात दोन्ही पडद्यांचे सगळे सांधे उसवले. घट्ट चौकोनांची एक चवड केली, सैल चौकोनांची दुसरी. मग बुद्धिबळाच्या पटासारखे मांडले. घट्ट, सैल, घट्ट, सैल. खालच्या ओळीत उलट क्रम. उभ्या प्रत्येक रांगेत दोन्ही हातांचे चार-चार चौकोन आले. अशा मांडणीत पडदा उतरला तरी दोन्हीकडे सारखाच उतरतो. पुन्हा शिवून, ओलसर करून रात्रभर दुकानातच टांगले. गुरुवारी सकाळी मापले. दोरा दोन बोटं उतरला होता, दोन्हीकडे दोनच. त्या हिशेबानं टांगायची पट्टी वर शिवली आणि पडदे घेऊन गेलो.

बापूसाहेबांनी पुन्हा भिंग काढलं.

"हे तर तेच चौकोन."

"तेच. एकशे बारा. मोजून घ्या."

त्यांनी एक पडदा मोजला. दुसरा मोजला नाही.

"मग सोमवारी फरक का पडला?"

"मांडणी चुकली होती."

"कुणाची?"

"माझी."

"कबूल?"

"कबूल."

त्यांनी भिंग खिशात ठेवलं. अक्का आतल्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. मुलाच्या आईनं पडद्यांची पुष्कळ स्तुती केल्याचं नंतर कानावर आलं. अक्का तेव्हा आत स्वयंपाकघरात होती. लग्नात पडदे रुखवतात मांडले गेले आणि मुलीबरोबर सासरी गेले. चौकोन बदलल्याची गोष्ट बापूसाहेबांनी पुन्हा काढली नाही, बाररूममध्येही नाही. मात्र स्वतःचे कोट त्यानंतर दुसऱ्या शिंप्याकडे टाकले. बहीणभाऊ दोघंही आता नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

तेव्हापासून जुनं विणकाम आलं की आधी दोन दिवस दांडीवर टांगून ठेवतो, मगच माप घेतो. उशीर का, असं गिऱ्हाईक विचारतं. दोरा ओढ घेतो, एवढंच सांगतो.