परत रड

आधी शीलाताईचं नाव घेते. साकोलीत मी कामाला होते त्या कापड दुकानासमोर ती फॉल-पिको करते. ती नसती तर हे मी कुणाला सांगितलंच नसतं. आता काय झालं ते सांगते.

आठवीतून माझी शाळा सुटली. आसगावहून दोन गाड्या बदलून इथे आले, साड्यांच्या घड्या घालायला. एक जूनला माझा वाढदिवस म्हणून शेठने केक आणला. ही तारीख शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी टाकलेली. आई म्हणते, मी धान कापणीच्या दिवसांत झाले. पण कुणी माझ्यासाठी केक आणला, म्हणून मला रडू आलं. खरं रडू.

शेठ व्हिडिओ काढायला मोबाइलशी झटापट करत होता. म्हणाला, "थांब, थांब. चालूच नव्हता झाला. आता परत रड."

मी परत रडले. काम जाईल ही धास्ती, वर केकचे उपकार. तीनदा रडले. तिसऱ्यांदा जमलं म्हणे. मग त्याने केक माझ्या तोंडाला फासला. सगळे हसले.

चार दिवसांनी ताईने तिच्या मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला. वर लिहिलं होतं, अनाथ पोरीचा पहिला वाढदिवस. खाली लोक शेठला देवमाणूस म्हणत होते आणि माझ्या मायबापाला श्रद्धांजली वाहत होते. आसगावच्या आमच्याच आळीतला एक पोरगा, बाबाजवळ रोज पानठेल्यावर बसणारा. त्यानेही हात जोडले होते.

ताईच्या फोनवरून बाबाला लावला. त्याला कळलं होतं.

"काय वं पोरी, आमी मेलो का?"

असं म्हणून तो हसला. आई फोनवर आलीच नाही.

खोलीवर एकटी बसले. साऱ्या जगाला माझी दया येत होती, आणि बोलायला एक माणूस नव्हतं.

शेठला म्हटलं, तो व्हिडिओ काढून टाका. तो चिडलासुद्धा नाही. "इतके लोक जीव लावून राहिले तुले, अन् तू बाप घेऊन बसली."

लोक पुढचा भाग मागत होते. या खेपेला शेठ साडी देणार होता, दुकानाच्या पायरीवर, सगळ्यांदेखत. ताई मशीन सोडून आली आणि माझ्या बाजूला उभी राहिली. शेठने साडी पुढे केली. मी हात मागे घेतले.

"माझे मायबाप जित्ते आहेत. आसगावले आहेत. चालू झाला का मोबाइल? नाही तर परत सांगीन."

उद्यापासून येऊ नको, शेठ म्हणाला.

व्हिडिओ अजून आहे. त्यात मी अनाथच आहे. बसमध्ये बाया ओळखतात, गालावरून हात फिरवतात. मी तो हात बाजूला करते आणि आईबाबाची नावं सांगते. भेटेल त्या प्रत्येकाला सांगणार. कुणाच्या दयेसाठी पुन्हा डोळ्यांत पाणी आणणार नाही.

आता ताईच्याच मशीनवर शिकते आहे. तिचं देणं एक दिवस फेडीन. तिच्यावर अशी वेळ आली, तर मी तिच्या बाजूला उभी राहीन.