करपलेल्या दुधाचा वास

आज लातूरच्या घरात दूध उतू गेलं. तो करपट वास नाकात शिरला आणि माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा मुरुडच्या सासरच्या न्हाणीत जाऊन बसले.

पाटावर पाय लांब करून बसले होते. पायांवर माझं पहिलं लेकरू, अजून मानही न धरलेलं, तेला-साबणानं हातातून निसटणारं. शेजारीच कढत पाण्याची बादली. तेवढ्यात सासूबाई बैठकीतून ओरडल्या, "अगं, दूध उतू चाललंय, ऊठ की!"

"लेकरू हातात हाय. मी उठत न्हाई," मी म्हणाले.

बैठकीत सासूबाई, नवरा, दीर, सगळे धडधाकट बसलेले. एकही जण हलला नाही. दूध जळलं, पातेलं काळं झालं, आणि उद्धट ठरले मी! पुढं प्रत्येक लग्नात, बारशात तोच किस्सा: हिनं बसल्या जागी दूध जाळलं. हिनं बाळ सोडलं नाही, हे मात्र कुणाच्या तोंडून कधी निघालं नाही. दुधाचा एवढा कळवळा!

आजही सूनबाई नातीला न्हाऊ घालत होती, आणि माझा लेक सोफ्यावर पडून दुधासाठी तिलाच हाका मारून राहिला होता.

"तुझे पाय मोडलेत का? ऊठ, गॅस बंद कर!" मी कडाडले.

तो हसला. "आई, दूध जाळण्यात तर तूच फेमस हायस."

"हाव. त्या दिवशी दूध वाचवायला उठले असते, तर आज हसायला तू नसतास."